बाभळीच्या काट्यावरचं गाणं

आसाराम फोनूवाला यायचा तेव्हा आधी त्याचा कर्णा यायचा आणि मागून आसाराम. धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला तो पितळी कर्णा पाठीला बांधून गडी शेवगावच्या बाजाराची वाट चालू लागला, की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, एखादं फूलच चपला घालून निघालंय. डोक्यावर फोनूची, म्हणजे ग्रामोफोनची, पेटी, काखेत पिशवी, पिशवीत जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेल्या तबकड्या. अंगानं गडी तुरकाठी. मिशा मात्र अशा, की अंगाला घातलेलं सगळं खत तिकडंच गेलंय असं लोक म्हणत.

शेवगावच्या उगवतीला भोकरवाडी म्हणून गाव आहे. गावापासून हाकेच्या पलीकडं, ओढा ओलांडून माळावर त्याचं छप्पर होतं. पाऊस आला तर बाजरी आणि नाही आला तर दगड, एवढंच त्या माळाला पिकवता यायचं. म्हणून आसारामनं हा दुसरा धंदा धरला. नगरच्या एका वकिलाच्या घरी लाकडं फोडायला गेला असताना अडगळीत पडलेला फोनू त्याला दिसला. वकिलांनी नवा घेतला होता, जुन्याची कमान तुटली होती. लाकडं फोडल्याच्या बदल्यात त्यानं तो मागून घेतला, एका घड्याळजीच्या पायरीवर दोन दिवस बसून कमान बसवून घेतली आणि वाजवत वाजवत गावी आला. तेव्हापासून शेवगावचा बाजार, मढीची यात्रा, मोहट्याची देवी, कुठं जावळ, कुठं बारसं, जिथं चार माणसं जमतील तिथं आसाराम चावी देत बसलेला असायचा.

तबकड्या त्याच्याकडं पंधरा-वीस असतील, पण लोक मागायचे एकच. तिच्यावर एक बाई गायची:

*भरल्या घड्याचं पाणी ओतलं मी अंगणात,*
*नाही कुणी पुसलं गं, काय माझ्या मनात.*
*पुन्हा उचलली चुंबळ, पुन्हा धरली मी वाट,*
*उन्हं चढली माथ्यावर, तरी सुटेना गं घाट.*

सगळ्या जिल्ह्याला या गाण्यानं पछाडलं होतं. जात्यावर तेच, मोटेवर तेच, वरातीतल्या वाजंत्र्यांनाही तेच. नवरा-नवरी पाटावर बसलेली असताना हे गाणं वाजवावं की नाही, याचा विचार कुणी करत नव्हतं. चाल गोड होती आणि लोक मान डोलवत होते. शब्दांकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

ती सवड लढाईनं दिली.

लढाई तिकडं विलायतेत चालली होती आणि सुया इकडं शेवगावात संपल्या. फोनूला लागणारी पोलादी सुई आधी महागली, मग दिसेनाशी झाली. नगरचा दुकानदार म्हणाला, "सगळं पोलाद बंदुकीत गेलं, बाबा." आसाराम चार दिवस कपाळाला हात लावून बसला. पाचव्या दिवशी ओढ्यावरून येताना पायात काटा भरला. तो काढून बघतो तर लांब, ताठ, पांढरा, सुईसारखा. त्यानं तो घरी नेला, टोक तासलं, सुईच्या जागी फोनूच्या डबीत बसवला, चावी दिली. बाई गायला लागली.

तीही कशी, तर कानात सांगितल्यासारखी. पोलादी सुईवर ती बाजाराच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडायची. काट्यावर तिचा आवाज मऊ झाला, खाली आला. लोकांना जवळ यावं लागलं, बूड टेकावं लागलं, पोरांना गप्प करावं लागलं. आणि एकदा माणसं गप्प बसली की काय होतं? शब्द ऐकू येतात. शब्द ऐकू आले की भांडण आलंच.

काट्यांचंही एक नवलच होतं. माळावर बाभळी मायंदाळ, पण बाकीच्यांचे काटे एका गाण्यात मोडायचे. ओढ्याच्या वळणावर वाटेला लागून एक बाभूळ होती, तिचेच काटे चालायचे. सगळा माळ करपला तरी ती एकटी हिरवीगार. आसाराम म्हणायचा, मढीच्या कानिफनाथांची कृपा.

शेवगावच्या बाजारात किराणा दुकानाच्या बाजूला लिंबाखाली आसारामची बैठक असायची. तिथं पहिल्यांदा ठिणगी पडली ती दत्तोपंतांमुळं. दत्तोपंत मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले कारकून. अंगात डगला, हातात छत्री, आणि तोंडात नेहमी कुणाला तरी समजावून सांगायचं राहिलेलं असायचं. गाणं संपलं तसे ते म्हणाले, "लोकहो, नुसती मान हलवू नका. अर्थ बघा. घडा म्हणजे देह. पाणी म्हणजे वासना. ती ओतून दिल्याशिवाय जीवाला वाट सापडत नाही. घाट म्हणजे भवसागराचा काठ. उघड आहे."

बोधेगावाकडचा भीमा घोंगडी अंथरून शेजारी बसला होता. बाजार करायला आलेला, पण बाजार विसरलेला. तो म्हणाला, "पंत, तुमच्या घरी पानी कोन भरतं?"

"पाणक्या येतो."

"मग बरूबर हाय. म्हनून तुमच्या घड्यात वासना असती. आमच्या घड्यात पानी असतंय."

हसू फुटलं. पंतांनी छत्री टेकली. "बरं, मग तू सांग. भरला घडा तिनं का ओतला?"

"येडी हाय म्हनून. न्हाईतर कालव्याकडची आसंल. आमच्याकडं कुन्या सुनंनं भरली घागर अंगनात वतली, तर सासू तिला घागरीसकट मायारी घालवील."

"ती येडी न्हाई आन जोगीनबी न्हाई," बनुबाई कासारीण मागून बोलली. तिच्यापुढं एक बाई हात पुढं करून बसली होती आणि बनुबाई गाणं ऐकत ऐकत तिच्या हातात बांगड्या चढवत होती. "तिचं कुनीतरी हाय पानवठ्यावर. ते भेटलं न्हाई, म्हनून परत निगाली. एवढं तुमाला कळंना व्हय?"

पंत आभाळाकडं बघू लागले. भीमा मांडी थोपटून म्हणाला, "आसाऱ्या, लाव पुन्हा. बनूमावशीच्या कानानं ऐकतो."

आसाराम पुन्हा चावी देई. गावोगाव हेच. भंडारदऱ्याकडून आलेला एक मेंढरवाला म्हणाला, धरणाखाली घर जाणार म्हणून ती बाई अंगणाला शेवटचं पाणी पाजतेय, आणि पटका डोळ्याला लावून उठून गेला. एका म्हातारीच्या मते बाईचा मुलगा लढाईवर होता. जितकी भांडणं, तितका फोनू वाजायचा. आसाराम खुशीत होता. त्याला कुणी विचारलं, "आरं, तुझं काय म्हननं?", तर तो म्हणे, "माझं काम चावी द्यायचं. बाईनं पानी का वतलं ते बाईला इचारा."

आणि ते खरंही होतं. त्याचं सगळं ध्यान कमानीवर आणि काट्याच्या टोकावर. गाणं हजारदा वाजवलेल्या त्या माणसानं ते एकदाही ऐकलेलं नव्हतं.

घरी मनकर्णा होती. त्याची बायको, देवळाली प्रवराची. कालव्याच्या काठची पोर, पाच भावजयांच्या आणि आत्या-मावश्यांच्या गोंगाटात वाढलेली. लग्न होऊन या माळावर आली, तेव्हा घरात सासू तरी होती. ती दोन वर्षांमागं गेली. पाळणा अजून हललेला नव्हता. बाजार आसारामच करायचा. तो यात्रांना निघाला की छपरात मनकर्णा, एक शेळी आणि वारा.

आसाराम वाईट माणूस नव्हता. बायको रोज घागर घेऊन ओढा ओलांडून गावच्या बारवेवर जाते, त्या खोल पायऱ्या उतरते-चढते, हे त्याला बघवत नसे. त्यातून तिला वेळही फार लागायचा. "बारवंला गर्दी हुती," ती म्हणायची. तेव्हा त्यानं मनात घेतलं आणि दोन यात्रांची कमाई घालून उन्हाळ्यात दारात आड खोदला. खडक फोडून फोडून हातांची सालं गेली. आणि पाणी लागलं ते कसं, तर उसाच्या रसासारखं. त्या भागात असं पाणी लागणं म्हणजे घरात लक्ष्मी येणं. गाव बघायला लोटलं. आसारामनं तांब्या भरभरून पाणी पाजलं आणि मिशीवर हात फिरवून येईल त्याला सांगितलं, "आता आमच्या कारभारनीला बारवंची पायरी बघायची गरज न्हाई."

पुढं ते सांगणं त्याच्या अंगवळणीच पडलं. बाजारात चावी देता देता तो गाण्याच्या आधी आडाचंच कौतुक गायचा. भीमा म्हणायचा, "ह्याचा फोनू एकदा वाजतो आन आड दोनदा."

मनकर्णा आता आडाचंच पाणी भरायची. फक्त तिचं बोलणंच कमी झालं. आधी आसाराम घरी आला की गावातल्या पन्नास गोष्टी ती सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनंनं तव्यावर भाकर करपवली, कुणाचा जावई रुसला. आता तो विचारायचा, "काय खबर?" आणि ती म्हणायची, "शेळी ठीक हाय."

एका संध्याकाळी तो काटे तासत बसला होता आणि टोक जमलं का बघायला त्यानं तबकडी लावली. मनकर्णा चुलीपुढून उठून दारात आली. गाणं संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "अवं, त्या बाईनं पानी का वतलं?"

"कुनाला ठावं. पंत म्हनत्यात वासना हुती."

"तुमाला काय वाटतं?"

"मला? औंदा काटं ठिसूळ लागाय लागलेत, ह्ये वाटतं. ओढ्यावरची बाभूळ वाळाय लागली का काय कळंना."

ती आत गेली.

दिवाळीला तिचा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला आणि ती माहेरी गेली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष निम्मा सरला. मनकर्णा येईना. निरोप धाडला तर उलटा निरोप आला, की तब्येत बरी आहे, घाई नाही. गावात कुजबुज सुरू झाली. आसारामनं टोपी घातली आणि देवळालीला निघाला. तेव्हा मोटारी पेट्रोलअभावी कोळशावर चालायच्या. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. अर्धा नगर जिल्हा ढकलत ढकलत तो काळाठिक्कर होऊन सासुरवाडीला पोचला.

सासूनं, रंगुबाईनं, तोंडावर पदर धरला. हसू लपवायला की आदरानं, ते तिचं तिला ठाऊक. "जावईबापू, आधी कालव्यावर जाऊन या. मग वळखते मी तुमाला."

जेवणं झाल्यावर, भावजया दाराआड आणि मेहुणे ओसरीवर असताना, मनकर्णा समोर येऊन बसली. "येते मी," ती म्हणाली. "पन त्या गान्यातल्या बाईनं पानी का वतलं, तेवढं सांगा."

आसारामला वाटलं थट्टा आहे. मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि थट्टा नाही हे कळलं.

"अगं, ह्याच्यासाठी कुनी नांदायचं थांबतं का?"

"मी थांबलेय."

रंगुबाई मधे पडली. "त्यात काय अवघड हाय? पाव्हनं येनार आसतील. सडा घातला, पानी संपलं, पुन्हा भराय गेली. आमी रोज चार घागरी घालतो अंगनात. तुमच्याकडं पान्याची बोंब, म्हनून तुमाला नवल."

"आई, मी तुला इचारलं न्हाई," मनकर्णा म्हणाली.

आसारामनं घसा साफ केला. "घडा म्हंजे देह," तो म्हणाला. "आन पानी म्हंजे..."

"ह्ये दत्तोपंतांचं. तुमचं सांगा."

त्यानं भीमाचं सांगितलं, बाई वेडी आहे. भावजया दाराआड फुसफुसल्या. त्यानं मेंढरवाल्याचं सांगितलं. मनकर्णानं ते शांतपणं ऐकून घेतलं, "त्ये बरं हाय, पन त्येबी तुमचं न्हाई," म्हणाली आणि उठून खरकटं काढायला लागली. बनुबाईचं सांगायची मेहुण्यांपुढं त्याला छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत निघाला. प्रत्येक चढावर मोटार ढकलताना त्याला बायकोचा राग येत होता आणि प्रत्येक उतारावर स्वतःचा. गाणं त्याचं. तबकडी त्याची. सगळ्या जिल्ह्याला ऐकवणारा तो. आणि सांगायला उसनवारीचं सोडून काही नाही.

घरी आल्यावर त्यानं तबकडी लावली आणि जन्मात पहिल्यांदा कान देऊन बसला. काही उलगडेना. पुन्हा लावली. काटा मोडला. दुसरा घातला, तोही मोडला. शेळीकडं बघून म्हणाला, "तुला काय वाटतं?" शेळीनं तोंड फिरवलं.

पौषातल्या एका सकाळी आडाचा दोर कुजून तुटला आणि पोहरा तळाला गेला. तो काढायला गळ आणायचा तर गावात जावं लागणार. तोवर चुलीवर ठेवायला पाणी नाही. आसारामनं मनकर्णाची चुंबळ शोधली, घागर घेतली आणि मिशीवाला बाप्या बारवेवर निघाला.

बारवेच्या पायऱ्यांवर बाया होत्या. त्याला बघून आधी एकदम शांत झाल्या, आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"अगं बया, फोनूवाल्याच्या डोक्याव आज पेटी न्हाई, घागर हाय."

"आड आटला का वं, भावजी?"

"आटतोय कशाला, दोर तुटला आसंल. देवाला बी मिशीची गंमत बघू वाटती."

आसाराम आधी ओशाळला, मग हसला, मग उत्तरं द्यायला लागला. कुणी मनकर्णाची खुशाली विचारली, कुणी घागर कशी घासायची ते शिकवलं. कुणाची म्हैस व्याली तेही कळलं, आणि कुणाचा जावई रुसलाय तेही. घागर भरून कधी झाली ते समजलंच नाही. निघताना पाय जड झाले.

घरी आला. घागर उतरवली. शेळी. वारा. आडाच्या कडेला तुटका दोर. सगळ्या माळावर एक माणूस नाही, एक शब्द नाही. महिनोन्‌महिने तो यात्रांच्या गर्दीतून इथं यायचा तो निजायला. दिवसभराचं हे घर त्यानं एकट्यानं कधी बघितलंच नव्हतं. तो थोडा वेळ बसला. उठला. पुन्हा बसला. गावात गळ मागायला जायचंच होतं, पण गळ कुणी लगेच दिला तर? मग त्यानं घागरीत डोकावून बघितलं. काठोकाठ भरलेली.

काय झालं ते त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. त्यानं घागर उचलली, दारातल्या शेवग्याच्या बुडात ओतली, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून पुन्हा बारवेची वाट धरली.

बायांनी हसून बारव डोक्यावर घेतली. "भावजी, पानी तापवताय का जनावरं धुताय?"

तिसऱ्यांदा गेला तेव्हा उन्हं चढली होती. बाया पांगल्या होत्या. एकटी कडूबाई वरच्या पायरीवर पाय सोडून बसली होती. कडूबाई गावची सगळ्यात जुनी म्हातारी. बारवेचा पहिला दगड बसला तेव्हा ती हजर होती, असं ती सांगायची आणि कुणी मोडून काढायला उरलं नव्हतं. तिनं त्याच्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं.

"तूबी वततोस व्हय रं, आसाराम?"

"काय?"

"मनकर्नाबी आशीच करायची. घागर भरून निघायची, वड्याच्या वळनावरल्या बाभळीला वतायची, आन परत यायची. येकदा, दोनदा, मनाला यील तवा. मी हितनं बघायची. ती म्हनायची, आजी, घागर हिंदकळली."

आसाराम घागर ठेवून पायरीवर बसला. डोक्यात पहिल्यांदा आली ती बनुबाई कासारीण, आणि तिचा तो अर्थ. त्यानं विचारलं, "कुनासाठी परत यायची?"

"आमच्यासाठी, मुडद्या," कडूबाई म्हणाली. "दुसरं कोन हाय तिला? तू तिकडं गावगन्ना भोंगा वाजवत फिरनार. ती काय शेळीशी बोलंल? हितं बसायची, हासायची, आमच्या डोस्क्यातल्या उवा बघायची. मग तू आड खांदलास."

"मी तिच्याच सुखासाठी..."

"तर. सगळ्या गावाला वरडून सांगितलंस, आता बारवंची पायरी न्हाई म्हनून. त्यावर ती कुन्या तोंडानं येनार? दारात गोड पानी आसून बारवंला जाती, म्हंजी हिचं काय काम हाय तिथं, आसं चार तोंडं बोलनार. आन तुला काय सांगनार? नवऱ्यानं हाताची सालं काढून पानी आनलं, म्हनून मला करमंना? लोकांनी शेन घातलं आसतं तिच्या तोंडात."

आसाराम घागर न भरताच उठला. परतताना वळणावरच्या बाभळीपाशी थांबला. अर्धी बाभूळ वाळली होती. त्यानं एक काटा मोडून बघितला, पोकळ निघाला. कानिफनाथांची कृपा गेल्या उन्हाळ्यापासून बंद झालेली होती.

आता त्याला अर्थ कळला होता. पण नुसता अर्थ घेऊन देवळालीला जाऊन काय होणार होतं? मनकर्णा परत आली तरी दारात आड होताच. आड बुजवावा, तर त्या दुष्काळी मुलखात गोड पाणी बुजवणाऱ्याला नरकातही जागा मिळाली नसती. आणि आड राहू देऊन "तू बारवंला जा" म्हणावं, तर चार तोंडं होतीच. त्या रात्री त्याला बरी झोप लागली नाही. सकाळी मात्र उठून त्यानं गावातून गळ मागून आणला, पोहरा काढला, नवा दोर बांधला, आडाचं पाणी काढून तांब्या भरला आणि गावच्या पारावर गेला.

पारावर नेहमीची मंडळी होती. त्या दिवशी सोयरिकीच्या कामानं आलेला भीमाही चिलीम ओढत बसला होता. आसारामनं सगळ्यांदेखत तांब्या तोंडाला लावला आणि पिचकन थुंकला.

"काय झालं रं?"

"आडाचं पानी," आसाराम म्हणाला. मिशी खाली आली होती. "मचूळ झालंय. जनावरालाबी नको. आता कारभारनीला बारवंलाच जावं लागंल, इलाज न्हाई."

पारावर कुणी दुःख केलं असं म्हणवत नाही. एकजण म्हणाला, "मी खांदतानाच बोललो हुतो, तिथला खडक चांगला न्हाई." दुसरा म्हणाला, "लई गाजवलास ना, दिष्ट लागली." भीमानं चिलीम पुढच्याकडं दिली आणि म्हणाला, "म्हंजी आता बाजारात नुसता फोनूच ऐकायचा तर. कानाला जरा इसावा."

आसारामनं सगळं ऐकून घेतलं. हातांच्या तळव्यांवर अजून घट्टे होते, ते त्यानं मुठीत झाकले. कुणी तांब्याकडं हात करायच्या आत उरलेलं पाणी पाराखाली ओतून दिलं.

मग पुन्हा ती कोळशाची मोटार, पुन्हा ते चढ. रंगुबाईनं या वेळी विचारलंच नाही, सरळ कालव्याकडं बोट दाखवलं. मनकर्णा काठावर धुणं धूत होती. आसाराम शेजारच्या दगडावर बसला.

"आपल्या आडाचं पानी मचूळ झालंय," तो म्हणाला. "तुला बारवंला जावं लागंल. सगळ्या गावाला सांगून आलोय."

तिचा हात धुण्यावर थांबला. "कशानं झालं मचूळ?"

"झालं. पारावर तांब्या घिऊन गेलो, थुकून दावलं. भीमाबी हुता, म्हंजी आता सगळ्या तालुक्याला कळलं."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. कालव्याचं पाणी एक पातळ घेऊन निघालं, ते आसारामनं वाकून धरलं.

"आन ती बाई?" तिनं विचारलं. "तिनं का वतलं?"

आसाराम पातळ पिळत म्हणाला, "तिच्याबी दारात कुन्या शान्यानं आड खांदला आसंल."

मनकर्णा आधी हसली नाही. आधी तिनं त्याच्या हातातलं पातळ घेतलं, ते त्यानं उलटं पिळलं होतं म्हणून नीट पिळलं. मग मात्र अशी हसली, की पलीकडच्या काठावरच्या बाया वळून बघायला लागल्या.

"गान्यात आड कुटं हाय?" ती म्हणाली.

"पंतांच्या देहापरीस तरी जवळ हाय."

माघी पुनवेच्या आत ती घरी आली. फाल्गुनात मढीच्या यात्रेला जाताना भीमा वाट वाकडी करून आसारामच्या छपराशी थांबला. लिंबाखालचे वाद तसेच चालू होते. पंतांचा घडा अजून देहच होता, बनुबाईचं ते कुणीतरी अजून पानवठ्यावर उभंच होतं. भीमाला तहान लागली होती. आसाराम फोनूचा कर्णा पुसत होता, मनकर्णा घागर घेऊन बारवेला गेलेली. भीमानं आपणच आडातून पोहरा ओढला आणि ओंजळीनं प्यायला. थांबला. पुन्हा प्यायला.

"आसाऱ्या, ह्ये तर गोड हाय."

"तुझी जीभ गेलीय."

"आरं, उसागत लागतंय."

"चिलमीनं जीभ मारली की आसंच हुतं. मचूळ हाय म्हनलं ना."

भीमा तोंड पुसत ओढ्याकडं बघू लागला. लांबवर वळणावर मनकर्णा भरली घागर घेऊन येताना दिसली. बाभळीपाशी ती थांबली, घागर उतरवली, सावकाश बुडात ओतली, आणि चुंबळ सारखी करून आल्या वाटेनं माघारी वळली.

"आरं, ती बघ," भीमा म्हणाला, "तुझ्या बायकूनं भरली घागर..."

आसारामनं मान वर केली नाही. फोनूला चावी देत म्हणाला, "वतू दे. काटं संपत आलेत."